कॅम्पमधली टॅलेंट शोची रात्र: नावनोंदणीपासून शेवटचं मूल झोपेपर्यंत

समर कॅम्पच्या वेळापत्रकात 'टॅलेंट शो' हे दोन शब्द लिहायला अर्धा मिनिट पण लागत नाही आणि बऱ्याच कॅम्पमध्ये तयारी पण तेवढीच केली जाते. रात्रीची जेवणं उरकली की सगळ्यांना गोल बसवायचं, 'चला, कोण काय करून दाखवणार?' म्हणून विचारायचं, मग शाळेत नेहमी स्टेजवर असणारी तीच चार धीट मुलं पुढे येतात, दोन गाणी एक नाच एक मिमिक्री होते, आणि मागच्या रांगेत बसलेली पंधरा-वीस मुलं गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत राहतात. त्यातल्या निम्म्या मुलांना काहीतरी करायचं असतं हो. फक्त ऐनवेळी शंभर डोळ्यांसमोर हात वर करायचा धीर होत नाही.

मी बरीच वर्षं कॅम्पवर ताई म्हणून जातेय आणि ही रात्र नीट करायची तर काय काय लागतं ते सगळं एकदा सविस्तर लिहून काढायचं होतं. खाली जे आहे ते साधारण आठवड्याभराचा निवासी कॅम्प, ७ ते १४ वयाची ३०-५० मुलं आणि सहा-सात ताई-दादा असं धरून लिहिलंय. तुमचा आकडा वेगळा असेल तर तेवढं बदलून घ्या. आणि एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचा प्रत्येक निर्णय मी त्यावरून घेते: शो कसा झाला हे मी टाळ्यांवरून बघत नाही, प्रत्येक मूल स्टेजवरनं खाली उतरताना कसं उतरलं ते बघते.

रात्र कुठली?

शेवटची रात्र नको. शेवटच्या रात्री बॅगा भरायच्या असतात, हरवलेले मोजे शोधायचे असतात, मैत्रिणी सोडून जाणार म्हणून रडारड सुरू असते, आणि सकाळी लवकर निघायचं म्हणून सगळ्यांना झोपवायची घाई असते. शेवटून दुसरी रात्र घ्या. म्हणजे शो झाल्यावर एक अख्खा दिवस हातात राहतो, ज्या मुलाचं छान झालं त्याला दिवसभर ते मिरवता येतं, आणि ज्याचं बिनसलं त्याला सावरायला वेळ मिळतो. सात रात्रींचा कॅम्प असेल तर सहाव्या रात्री शो, दुसऱ्या दिवशी घोषणा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी नावनोंदणी, चौथ्या-पाचव्या दिवशी प्रत्येक आयटम आधी बघून ठेवणं, आणि सहाव्या दिवशी दुपारी रंगीत तालीम. पहिल्या दिवशी घोषणा करू नका, तेव्हा मुलांना आपला बिछाना कुठला आणि बाथरूम कुठे हेच कळलेलं नसतं.

त्या दिवशी दुपारी ट्रेक किंवा पोहणं ठेवू नका, एवढं नक्की. दमलेली मुलं रात्री रडतात.

नाव कसं घ्यायचं

'टॅलेंट' हा शब्दच मुलांना घाबरवतो. 'तुझ्यात काय टॅलेंट आहे?' असं विचारलं की दहातली सात मुलं 'काही नाही' म्हणतात. त्यापेक्षा असं विचारा की 'तुला असं काय येतं जे ह्या कॅम्पमधल्या बऱ्याच जणांना येत नाही?' मग बघा काय काय बाहेर पडतं: जिभेने घोड्याच्या टापांचा आवाज काढता येतो, दहा प्रकारच्या गाठी मारता येतात, क्यूब सोडवता येतो, उलटं लिहिता येतं, एका दमात सगळ्या ग्रहांची नावं म्हणता येतात. हे सगळं स्टेजवर चालतं. फक्त आपण आधी हे बोलून दाखवलेलं पाहिजे, नाहीतर मुलांच्या डोक्यात गाणं आणि नाच सोडून दुसरं काही येतच नाही.

नावाचा कागद भिंतीवर लावू नका. भिंतीवरच्या कागदावर आधी धीट मुलं नावं टाकतात आणि ती नावं वाचूनच बाकीची मागे सरतात. एक डबा ठेवा आणि चिठ्ठ्या. चिठ्ठीवर चार गोष्टी: नाव, काय करणार, एकटा की कोणाबरोबर, आणि काय सामान लागेल. खाली अजून एक ओळ, जी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे: 'मला स्टेजवर जायचं नाही पण मला हे काम करायला आवडेल', आणि पुढे कामं: लाईट, म्युझिक लावणं, पडदा, सामान आणून ठेवणं, निवेदन, पोस्टर, मेकअप, कागदावर टिक मारत क्रम सांभाळणं. ही कामं खरी असली पाहिजेत, उगाच मन राखायला दिलेली नकोत, मुलांना ते लगेच कळतं.

दोन दिवसांनी डबा उघडा आणि ज्यांची चिठ्ठीच नाही त्यांची यादी करा. ही यादी ताई-दादांनी आपापसात वाटून घ्यायची आणि प्रत्येकाशी एकट्याने, चालता बोलता, भांडी घासताना वगैरे विषय काढायचा. जबरदस्ती नाही. 'नाही' म्हटलं तर 'बरं, मग लाईटला हात लागतोय एक, येशील?' एवढंच.

वेळेचं गणित आधी करा

इथे बहुतेक जण फसतात. ४० मुलं, प्रत्येकाला ३ मिनिटं, म्हणजे १२० मिनिटं झाली. त्यात एक उतरून दुसरा चढायला, माईक खालीवर करायला, खुर्ची ठेवायला किमान १ मिनिट जातंच, म्हणजे अजून ४०. झाले जवळजवळ पावणेतीन तास! सात-आठ वर्षांची मुलं पाऊण तासानंतर चुळबुळ करायला लागतात आणि दीड तासानंतर आडवी होतात, मग शेवटी येणाऱ्या बिचाऱ्याला झोपलेला प्रेक्षक मिळतो.

मी ७० ते ७५ मिनिटांच्या वर जात नाही. १५ आयटम, प्रत्येकी ३ मिनिटं अधिक १ मिनिट अदलाबदल, झाले ६०, सुरुवात आणि शेवट धरून ७०. मग ४० मुलं १५ आयटममध्ये कशी बसवायची? गटाने. चार जणांचं नाटुकलं, सहा जणांचा नाच, आणि छोट्या छोट्या एकेकट्या गोष्टी एकत्र ओवून एक आयटम. जिभेने टापांचा आवाज, शिट्टीवर पक्ष्याचा आवाज, काखेत हात घालून काढलेला तो आवाज (हो, तो पण!), हे तिघं एकेकटे तीस सेकंदांचे आहेत पण एकत्र केले की 'जंगलातली सकाळ' असा दोन मिनिटांचा झकास आयटम होतो. एकटं उभं राहायला लाजणारी मुलं अशा गटात सहज सामावतात.

एकट्याच्या आयटमला २ मिनिटं पुरतात, गटाला ४. गाण्याचा पूर्ण ट्रॅक कधीच नको, एक कडवं आणि ध्रुवपद बास. मुलांना हे कापलेलं आवडत नाही, कुरकुर करतात, पण त्यांना सांगा की लोकांना 'अजून पाहिजे' वाटत असताना उतरायचं असतं.

ऑडिशन म्हणू नका, 'दाखवून ठेव' म्हणा

इथे कोणाला काढायचं नसतं, म्हणून ऑडिशन हा शब्द मी वापरतच नाही. प्रत्येक आयटम कोणीतरी मोठ्याने आधी पूर्ण बघायचाच, हा नियम मात्र मोडायचा नाही. 'सरप्राईज आहे ताई, आधी नाही दाखवणार' असं म्हणणाऱ्याला सांगायचं, मला एकटीला दाखव, मी कोणाला सांगणार नाही.

बघताना माझ्या वहीत चारच गोष्टी असतात. किती वेळ लागला, घड्याळ लावून. सामान काय लागतं. माईक लागतो का आणि किती. आणि मुलाला कुठे अडखळायला झालं, म्हणजे शोच्या वेळी विंगमधून कुठे शब्द पुरवावा लागेल ते.

आणि हो, काय चालणार नाही हे पहिल्या घोषणेतच सांगून टाका, नंतर नाही म्हटलं की मूल दुखावतं. आग, मेणबत्ती, पेटतं काहीही नाही. मनोरे नाहीत, एकमेकांच्या खांद्यावर चढणं नाही, ज्याला आधीपासून शिकवणीत कोलांट्या उड्या येत नाहीत त्याने इथे शिकून करायच्या नाहीत. आणि कॅम्पमधल्या कोणाचीही नक्कल त्याच्या परवानगीशिवाय नाही. ह्या शेवटच्या नियमावर मी फार कडक आहे. ताई-दादांची नक्कल खुशाल करा, आम्ही हसू. पण तोतरं बोलणाऱ्या, जाड असलेल्या, रात्री घरच्या आठवणीने रडणाऱ्या मुलावर केलेला विनोद चाळीस जणांसमोर झाला की तो त्या मुलाच्या पुढच्या कितीतरी वर्षांत सोबत राहतो. नाटुकल्यांमध्ये असं हमखास लपलेलं असतं, म्हणून नाटुकली दोनदा बघा, कारण दुसऱ्यांदा करताना मुलं नवीन वाक्यं घालतात. गाण्यांचे शब्द पण पूर्ण ऐका, पहिलं कडवं गोड आणि तिसरं भलतंच असं असतं.

क्रम

क्रम लावणं हे अर्धं काम आहे आणि त्याला मी शांतपणे बसून एक तास देते. चिठ्ठ्या जमिनीवर पसरायच्या आणि सरकवत बसायचं.

पहिला आयटम गटाचा, जोरकस, आणि त्यात मध्यम कुवतीची पण न घाबरणारी मुलं. सगळ्यात भारी आयटम पहिला ठेवू नका. पहिल्यांदाच कोणी तयारीच्या गळ्याने गाऊन गेलं की पुढच्या दहा जणांचे पाय विंगमध्येच लटपटायला लागतात. सगळ्यात लहान मुलं पहिल्या २० मिनिटांत, कारण नंतर त्यांना झोप येते. सगळ्यात घाबरलेलं मूल तिसऱ्या किंवा चौथ्या नंबरला: पहिलं जायचं दडपण नाही, आणि पोटात गोळा घेऊन तासभर बसायला पण लागत नाही. त्याच्या आधीचा आयटम साधा, हसरा असू दे. एकाच प्रकारचे दोन आयटम लागून नकोत, विशेषतः दोन गाणी, कारण तुलना होतेच. ज्याला सामान जास्त लागतं त्याच्या आधी असा आयटम ठेवा जो पुढच्या कोपऱ्यात उभं राहून होतो, विनोद किंवा कविता, म्हणजे मागे मांडामांड चालू राहते. आणि शेवटचा आयटम सगळ्यांचा, ताई-दादांसकट, सगळ्यांना पाठ असलेलं कॅम्पचं गाणं. शेवटी एकटं कोणी नको, नाहीतर तो 'फायनल' आणि बाकीचे भरती असं होऊन बसतं.

जागा आणि उजेड

उंच स्टेज असेलच असं नाही आणि नसलं तरी काही बिघडत नाही. मुलांना उतारावर किंवा पहिली रांग जमिनीवर, दुसरी बाकावर, तिसरी उभी अशी बसवली की सपाट जागेवर पण सगळ्यांना दिसतं. जमिनीवर टेपने किंवा चुन्याने स्टेजची हद्द आखा आणि मधोमध एक फुली. 'फुलीवर उभं राहा' हे घाबरलेल्या मुलाला समजतं, 'थोडं पुढे, थोडं डावीकडे' हे नाही समजत.

पाठीमागे भिंत किंवा चादर पाहिजे. मागून लोक ये-जा करताना दिसले की सगळ्यांचं लक्ष तिकडेच.

लाईट समोरून आणि थोडा वरून, दोन्ही बाजूंनी. डोक्यावर एकच दिवा असेल तर डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात आणि चेहरा कळत नाही. उघड्यावर असाल तर दिवा मुलांपासून लांब उभा करा कारण किडे दिव्याकडेच येतात, आणि पांढऱ्या-निळसर उजेडापेक्षा पिवळ्या उजेडाला ते कमी येतात. सगळी मांडामांड दिवसाउजेडीच संपवा. वायरी चालायच्या वाटेवरून नेऊ नका, न्याव्याच लागल्या तर पूर्ण लांबीभर टेपने चिकटवा. गुंडाळीची एक्स्टेन्शन वायर असेल तर ती पूर्ण उलगडून मगच वापरा, गुंडाळलेल्या वायरवर लोड टाकला की ती तापते. रात्री गवतावर दव पडतं, म्हणून प्लगचे जोड जमिनीपासून वर, स्टुलावर. आणि पाऊस आला तर कुठे, हे आदल्या दिवशीच ठरलेलं असू दे.

एक प्रसंग सांगते. नऊ वर्षांचा एक मुलगा, चिठ्ठीवर फक्त 'कागदाचा पक्षी' एवढंच लिहिलेलं. चाळीस जणांना एवढासा पक्षी कसा दिसणार? मग आम्ही सगळे दिवे घालवले, लाईट सांभाळणाऱ्या एका मुलाने फक्त त्याच्या हातांवर टॉर्च धरला आणि माईक स्टँडवरून खाली वाकवून कागदाजवळ आणला. तो घडीवर नख ओढायचा तो सर्र आवाज स्पीकरमधून यायचा. मध्ये एक घडी चुकली, त्याने उलगडली, कागद मांडीवर सपाट केला, परत घातली. कोणी हू की चू केलं नाही. शेवटी त्याने शेपटी ओढल्यावर पक्ष्याचे पंख हलले तेव्हा पहिल्या रांगेतली दोन छोटी मुलं चक्क उभी राहिली. त्याला स्टेजवर एक शब्दही बोलावा लागला नाही. लाईट आणि माईक मुलाच्या आयटमप्रमाणे हलवायचे असतात हे मला तेव्हा नीट कळलं.

आवाज

मुलांचा आवाज बारीक असतो, वर ती घाबरलेली असतात, म्हणजे अजून बारीक. म्हणून २५-३० मुलांच्या वर असाल तर माईक लागतोच. आणि माईक लागला की शिट्टी आलीच, ती कानात घुसणारी कुंईंई. ती का येते? स्पीकरमधला आवाज परत माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन परत स्पीकरमधून निघतो, परत शिरतो, असं चक्र चालू होतं. ह्याला लार्सन इफेक्ट असं नाव पण आहे. उपाय सोपा आहे: स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला आणि प्रेक्षकांकडे तोंड करून. माईकच्या मागे किंवा माईककडे तोंड केलेला स्पीकर नको.

हातात धरायचे बहुतेक माईक समोरून जास्त आणि मागच्या बाजूने अगदी कमी ऐकतात, म्हणून शिट्टी टळते. पण मुलं काय करतात, टीव्हीवर बघून माईकची जाळीच मुठीत पकडतात. त्याने माईकची ही दिशा ओळखायची सोय बंद पडते आणि शिट्टी सुरू. तालमीत प्रत्येकाला दांड्यावर कुठे धरायचं ते हातात देऊन शिकवा, दांड्यावर रंगीत टेप लावा आणि 'टेपवर धर' एवढंच सांगा.

दुसरं, अंतर. तोंडापासून चार बोटं. अंतर निम्मं केलं की माईकला मिळणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, म्हणजे बारीक आवाजाच्या मुलाला मशीनवर वाढवून देण्यापेक्षा माईक जवळ आणणं कधीही चांगलं, मशीनवर वाढवलं की शिट्टी पण वाढते. लहान मुलांना हातात माईक देऊच नका, स्टँडवर लावा आणि एक मोठं माणूस उंची बदलायला.

बिनवायरच्या माईकला शोच्या आधी नवीन सेल घाला, दुपारच्या तालमीत वापरलेले नकोत. त्यातले बरेच माईक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्याच पट्ट्यात वायफाय आणि ब्लूटूथ पण असतं, त्यामुळे आवाज तुटक यायला लागला तर आजूबाजूच्या फोनचं वायफाय-ब्लूटूथ बंद करून बघा. वायरचा एक माईक जोडून बाजूला तयार ठेवाच.

म्युझिकसाठी एकच फोन. सगळ्यांचे ट्रॅक आदल्या दिवशी त्या फोनमध्ये डाउनलोड केलेले, नावाच्या आधी नंबर टाकून: ०१, ०२, ०३, क्रमाप्रमाणे. शोच्या वेळी 'थांबा हं, नेट येत नाहीये' हे वाक्य ऐकू यायला नको. फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर ऐन नाचात कोणाच्या तरी आईचा कॉल स्पीकरवर वाजतो. ब्लूटूथ नको, वायरने जोडा. हाच सगळा गठ्ठा दुसऱ्या फोनमध्ये पण. गाण्याच्या सुरुवातीचं नुसतं म्युझिक दहा सेकंदांच्या वर असेल तर कापा, ती दहा सेकंदं उभ्या असलेल्या मुलाला दहा मिनिटांसारखी वाटतात.

रंगीत तालीम

पूर्ण आयटम करून घ्यायची गरज नाही. फक्त चढणं, पहिली वीस सेकंदं, शेवटची दहा सेकंदं, नमस्कार, उतरणं. १५ आयटमना पाऊण तास पुरतो. मुलं मधलं कधी विसरत नाहीत एवढी सुरुवात आणि शेवट विसरतात, आणि संपल्यावर कुठे जायचं हे माहीत नसल्यामुळे स्टेजवर घुटमळतात. उतरायचा रस्ता प्रत्येकाकडून एकदा चालून घ्या.

विंगमध्ये

माझ्या मते रात्रीची सगळ्यात महत्त्वाची जागा ही. स्टेजच्या बाजूला तीन खुर्च्या किंवा तीन गोल आखायचे. तिसऱ्यावर जो बसलाय त्याच्या आधी दोन आयटम बाकी, दुसऱ्यावर एक, पहिल्यावर म्हणजे आता तूच. बाकी सगळी मुलं प्रेक्षकांत बसून शो बघतात, सगळ्यांना मागे कोंबून ठेवायचं नाही, नाहीतर मागेच दंगा होतो आणि समोर प्रेक्षकच उरत नाहीत. एका मुलाच्या हातात यादी आणि पेन, तो पुढच्याला हळूच जाऊन बोलावून आणतो. बारा-तेरा वर्षांची मुलं हे काम फार जबाबदारीने करतात.

खुर्च्यांपाशी एक शांत ताई किंवा दादा, पाण्याची बाटली, रुमाल. घाबरलेल्या मुलाला 'घाबरू नको' म्हणून काही होत नाही. हात थरथरणं, तोंड कोरडं पडणं, छाती धडधडणं हे शरीर जोर लावायला तयार झाल्याचं लक्षण आहे, ते दाबून दबत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अॅलिसन वूड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये लोकांना गाणं म्हणायला, भाषण करायला, गणितं सोडवायला लावलं होतं. त्यात 'मी एक्साईटेड आहे' असं स्वतःशी म्हणून सुरुवात करणाऱ्यांची कामगिरी 'मी घाबरलोय' किंवा 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा चांगली झाली. ती मोठी माणसं होती, पण मी मुलांना हेच देते: 'धडधडतंय ना? म्हणजे तू तयार झालीस.' आणि एक श्वास आत, मग मेणबत्ती लांबून विझवतो तसा सावकाश लांब बाहेर, तीनदा. त्याहून जास्त काही सांगायचं नाही, त्या वेळी सूचना डोक्यात शिरत नाहीत.

ऐनवेळी 'मला नाही जायचं' म्हणणाऱ्याला तीन पर्याय द्या: नंतर जा, मित्राला बरोबर घेऊन जा, किंवा आज नको. तिसरा पर्याय खरंच खुला असला पाहिजे, तोंड वाकडं न करता.

आणि स्टेजवरनं उतरायच्या बाजूला, पायरीपाशी, एक माणूस ज्याचं दुसरं काही काम नाही. उतरणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिला चेहरा हा दिसतो. खाली बसून, डोळ्यांच्या उंचीवर, आणि एक नेमकी गोष्ट सांगायची: 'ते मध्ये थांबून तू सगळ्यांकडे बघितलंस ना, मस्त.' नुसतं 'छान झालं' सगळ्यांनाच म्हटलं की चौथ्या मुलाला कळतं की हे सगळ्यांनाच म्हणतात. ज्याचं बिघडलं त्याला 'काही बिघडलं नाही' असं खोटं सांगू नका, त्याला माहीत असतं. 'अडकलास, आणि तरी पुढचं म्हटलंस, मी बघितलं' असं सांगा आणि थोडा वेळ जवळ बसवून घ्या.

निवेदन

दोन मुलं, एक मोठं एक छोटं, आणि पाठीशी एक दादा. कार्डावर प्रत्येक आयटमला दोनच ओळी, आणि नावांचे उच्चार त्या त्या मुलाला विचारून घेतलेले. 'आता येतोय कॅम्पचा सुपरस्टार' असलं काही नको, पुढच्याला ते ओझं होतं. 'हिने स्वतः बसवलंय', 'हे हा पहिल्यांदाच लोकांसमोर करतोय' अशा खऱ्या गोष्टी सांगा, पण पहिल्यांदाच करतोय हे सांगायला त्या मुलाची हरकत नाही ना ते विचारा. अदलाबदल लांबली तर वापरायला चार-पाच कोडी निवेदकांच्या खिशात असू देत.

प्रेक्षकांना पण तयार करावं लागतं

शो सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं ह्यासाठीच. टाळ्या कशा वाजवायच्या त्याची चक्क प्रॅक्टिस घ्या. कोणी विसरलं, थांबलं, तर काय करायचं हे ठरवून टाका: ओरडायचं नाही, 'कम ऑन कम ऑन' पण नाही, चुटक्या वाजवायच्या हळूहळू. चाळीस जणांच्या चुटक्यांचा आवाज पावसासारखा येतो आणि स्टेजवरच्या मुलाला कळतं की सगळे थांबलेत, घाई नाही. तरीही दहा सेकंदांत सुचलं नाही तर विंगमधून पुढचे दोन शब्द, आणि त्यानेही नाही झालं तर एक ताई सरळ जाऊन शेजारी उभी राहते आणि बरोबर म्हणते. ती कोण हे आधी ठरलेलं असू दे.

मुलांच्या हातात फोन नको. शूटिंग एकाच माणसाने करायचं, ज्यांच्या पालकांनी परवानगी दिलीय त्यांचंच, आणि कुठेही टाकायच्या आधी मुलाला पण विचारायचं.

नंबर नकोत

पहिला-दुसरा-तिसरा काढू नका. खूप जण म्हणतात स्पर्धेशिवाय मजा काय, पण गाणं, क्यूब आणि कागदाचा पक्षी ह्यांची तुलना कुठल्या मापाने करणार? तीन मुलं खूश होतात आणि पस्तीस मुलं हरून झोपायला जातात. त्याऐवजी आम्ही असं करतो: शो चालू असताना मागे बसलेल्या दोन ताई-दादा प्रत्येक मुलासाठी एक ओळ लिहितात, स्टेजवरच्यांसाठी आणि लाईट-सामानवाल्यांसाठी पण. 'तू टॉर्च एवढा स्थिर धरलास की पक्ष्याची सावली पण हलली नाही.' शेवटी सामान-लाईटवाल्या सगळ्या मुलांना नाव घेऊन स्टेजवर बोलवा, त्यांना सगळ्यात मोठ्या टाळ्या पडतात.

संपल्यावर

मुलं एकदम झोपत नाहीत, अंगात ते भिनलेलं असतं. पंधरा-वीस मिनिटं मंद उजेडात बसून हळू आवाजातली गाणी, किंवा नुसतं तारे बघणं, मग झोपायला. ताई-दादांनी अंथरुणांवरून एक फेरी मारायची, कोण गप्प झालंय ते बघत. जे मूल स्टेजवर हसत होतं तेच कधी कधी रात्री रडतं कारण आईने हे बघितलं नाही असं त्याला तेव्हा आठवतं. त्याला म्हणा, उद्या सकाळी आपण आईला सगळं लिहून काढू.

माईकचे सेल काढून ठेवा, वायरी सकाळी उजेडात गुंडाळा. आणि त्या एकेका ओळीच्या चिठ्ठ्या रात्रीच पूर्ण करा, उद्यावर टाकलं की दोन-तीन राहतातच. सकाळी मुलं उठायच्या आत प्रत्येकाच्या बुटात एकेक चिठ्ठी. वाटायच्या आधी हजेरीच्या यादीशी ताडून बघा, सगळ्यांची आहे ना.